रवी नगराळे यांच्या वतीने

बाबाराव नगराळे मुकुटबनच्या पोस्टातून निवृत्त झाले त्याला चार वर्षं होऊन गेली होती. त्याआधी चौतीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं. गावात तर वाटलंच, पण झरीकडच्या जंगलातल्या वस्त्यांवर आणि तांड्यांवरही वाटलं. सायकल जाईल तिथवर सायकलने, पुढे पायी. नुसतं पत्र हातात देऊन ते परतत नसत. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला वाचून दाखवत, आणि उत्तर द्यायचं असेल तर तिथेच ओसरीवर बसून लिहूनही देत. तांड्यावर लालीबाई नावाची एक बाई होती. तिचा मुलगा धरमसिंग फौजेत. बारा वर्षं तिची सगळी पत्रं बाबारावांच्या हातची. धरमसिंग सुटीवर आला की आईला म्हणायचा, "याडी, तू पत्रात बोलते तशी घरी काहून बोलत नाही?" आणि सगळे हसायचे. शब्द कोणाचे आणि अंगठा कोणाचा, याची बाबारावांना कधी लाज वाटली नव्हती. तसं वाटण्याचं कारणही नव्हतं.

त्यामुळे पुढे जे घडलं, त्यात आपण काही गैर करतो आहोत असं त्यांना बरेच दिवस वाटलंच नाही.

त्यांचा मुलगा रवी एकोणतीस वर्षांचा. यवतमाळला राहून मेकॅनिकलची डिग्री घेतलेला. घराण्यातला पहिला इंजिनिअर म्हणून त्याचा सत्कार झाला होता, बुद्धविहारात, शाल देऊन. मग लोहाऱ्याच्या एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. तीन वर्षांनी कारखाना बंद पडला. पुण्याला ठेक्यावर आठ महिने काढले, तेही सुटलं. गेली दोन वर्षं तो घरी होता. सुरुवातीला सकाळी आंघोळ करून लॅपटॉपसमोर बसायचा. मग आंघोळ उशिरा व्हायला लागली, मग लॅपटॉप कपाटात गेला. लग्नाकार्याला जाणं त्याने सोडलं, कारण तिथे प्रत्येक जण तेच विचारी. दुपारी जेवून भिंतीकडे तोंड करून तो झोपायचा, आणि झोप लागलेली नसतानाही पाठ वळवायचा नाही.

त्या उन्हाळ्यात बाबारावांचा बटनांचा फोन कायमचा बंद पडला. रवीला त्याच्या मेहुण्याने एक फोन देऊन टाकला होता, म्हणून रवीने आपला जुना, काचेला तडा गेलेला फोन बापाला दिला. सिम घालून दिलं, बाकी आतलं काही पुसलं नाही. तेवढाही उत्साह त्याच्यात उरला नव्हता.

जुलैत एका दुपारी तो फोन वाजला. बाबारावांनी चष्मा लावून पाहिलं. कोणा ओळखीच्याला नवी नोकरी लागली, त्याचं अभिनंदन करा, असं इंग्रजीत लिहिलेलं. त्यावर बोट ठेवल्याबरोबर लिंक्डइन उघडलं, आणि रवीचा फोटो समोर आला. मित्राचा कोट घालून काढलेला, फोटोभोवती हिरवं कडं. कडं कशाचं ते त्यांना मुलीकडून, मोनालीकडून कळलं. ती वणीला दिली होती. फोनवर म्हणाली, "बाबा, हिरवं कडं म्हंजे मले काम पाह्यजे, असं सांगनं असते. नोकरीवाल्या लोकाईचीच साइट हाय ते. ओळखी करा, ओळखीतून काम भेटते."

"मंग याच्या ओळखी हायेत का?"

"सातशे हायेत म्हणे एकडाव."

सातशे! गावात पाच माणसांशी न बोलणाऱ्या आपल्या पोराच्या सातशे ओळखी असाव्यात याचं बाबारावांना मोठं नवल वाटलं. ते तिथल्या पत्रांच्या पेटीत शिरले. दोन-तीन दिवस दुपारभर ते तेच वाचत बसले. रवीने लोकांना लिहिलेलं सगळं तिथे होतं. सर, माझी माहिती पाहावी ही विनंती. सर, आपल्या कंपनीत जागा असल्यास कळवावे. सर, आठवण करून देत आहे. तेच वाक्य, शंभरदा, दीडशेदा, नावं तेवढी वेगळी. खाली काही नाही. पोस्टात न पोचलेलं पत्र शेरा मारून परत येतं. मालक सापडत नाही, घर बंद, असा काहीतरी शेरा असतो. इथे एकही परत आलेलं नव्हतं. सगळी पोचली होती. कित्येकांखाली वाचल्याची खूणही होती.

बाबारावांनी फोन उपडा ठेवला आणि बराच वेळ अंगणातल्या रांजणाकडे पाहत राहिले. पोरगा दोन वर्षं काहीच करत नाही, असं ते मनात म्हणत आले होते. एकदा तोंडावरही बोलले होते.

चौथ्या दिवशी त्यांना एक संदेश दिसला, तो मात्र रवीला आलेला होता. मधुवंती अंजनकर नावाच्या बाई, बुटीबोरीच्या एका कंपनीत नोकरभरतीच्या प्रमुख. मीही यवतमाळची, तुम्ही अजून काम शोधता आहात का, एवढंच विचारलेलं. तारीख मागच्या ऑक्टोबरची. रवीने तो उघडलाच नव्हता. तोवर त्याने पाहणं सोडलं असावं.

आलेल्या पत्राला नऊ महिने उत्तर नाही, ही गोष्ट बाबारावांना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांनी रवीला उठवायचा विचार केला. दारात गेले. पाठमोरा रवी, उशीखाली हात. "रवी," ते म्हणाले. "हं." "काई नाई. चहा घेतं का?" "नाई."

ते परत आले आणि एका बोटाने लिहायला बसले. तास लागला.

'आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. आपले ११ ऑक्टोबरचे पत्र मिळाले. उत्तरास फार विलंब झाला, त्याबद्दल क्षमा असावी. होय, मी अद्याप कामाच्या शोधात आहे. आपण आपुलकीने विचारलेत, त्याने बरे वाटले. आपला, रवी बाबाराव नगराळे, मुकुटबन.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मराठीत. 'इथे मला रोज शेकडो मेसेज येतात, सगळे एका साच्यातले. सप्रेम नमस्कार लिहिणारे तुम्ही पहिलेच. सध्या जागा नाही, पण संपर्कात राहा. कामाबद्दल लिहा, काय काय केलंय ते.'

सध्या जागा नाही हे बाबारावांनी वाचलं, पण मनावर घेतलं ते संपर्कात राहा हे. त्या दिवसापासून त्यांच्या दुपारींना काम मिळालं. त्यांनी घरातल्या लोखंडी पेटीतून रवीच्या प्रमाणपत्रांची फाइल काढली, प्रोजेक्टची वही काढली. इंग्रजी समजेना ते मोनालीला फोनवर वाचून दाखवलं. तिला सांगितलं नाही कशासाठी. जेवताना रवीला आडून विचारायचे, "कारखान्यात मशीन बंद पडाच्या आधीच पाहाचं असते म्हणत, त्याले काय म्हणत रे तुमी?"

"प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. कायले?"

"सहज. आटाचक्कीवाला म्हणत होता."

रवी एक-दोन वाक्यं बोलायचा आणि थांबायचा. पण बोलायचा. नलूबाईंच्या ते ध्यानात आलं. "आजकाल तुमी दोघं बोलून राह्यले," त्या भांडी घासता घासता म्हणाल्या. त्यांच्या आवाजातल्या आनंदाने बाबारावांना आपण चांगलंच करतो आहोत असं वाटलं.

मधुवंतीबाई आठवड्यातून एकदा तरी लिहीत. कधी दोन ओळी, कधी लांब. त्यांचे वडील वामनराव यवतमाळला कॉलेजात शिकवत, शेवटच्या आजारपणात दुपारी पोस्टमनची वाट पाहत बसत, असं त्यांनी एकदा लिहिलं. त्याच्या उत्तरात बाबारावांनी लिहिलं, 'माझे वडील पोस्टमन होते. नाल्याला पूर असला तरी टपालाची पिशवी डोक्यावर घेऊन पलीकडे जात. हातातले काम अर्धे टाकून घरी यायचे नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो.' लिहून झाल्यावर त्यांचं बोट थांबलं. पुराचं खरं होतं. पण रवी असं कधी म्हणाला नव्हता. आपल्या कामाबद्दल तो कधी काहीच म्हणाला नव्हता. म्हातारपणी माणसाला ज्या गोष्टी ऐकाव्याशा वाटतात त्यांतली ही एक, आणि ती आपणच लिहून पोराच्या नावाने धाडतो आहोत, हे त्यांना कळत होतं. कळत असूनही त्यांनी ते धाडलं.

त्याच पत्रात त्यांनी कॉम्प्रेसरची गोष्ट घातली. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. लोहाऱ्याला दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आदल्या दिवशी, कारखान्याचा मोठा कॉम्प्रेसर बंद पडला. दुरुस्तीचा माणूस बाहेरून यायला तीन दिवस लागणार होते. रवीने रात्रंदिवस खपून बेअरिंग बदललं आणि मशीन चालू केलं. साहेबाने सगळ्यांदेखत पाठ थोपटली, मिठाईचा डबा दिला. त्या डब्यातली सोनपापडी बाबारावांनी विहारात वाटली होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. 'रवी, मेंटेनन्स इंजिनिअरची जागा निघाली आहे. तुमची कॉम्प्रेसरची हकीकत मी आमचे प्लांट हेड सलील सर यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, या मुलाला बोलवा. गुरुवारी साडेअकराला या. मी असेनच.'

बाबारावांना इतका आनंद झाला की चप्पल न घालताच ते रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. मग त्यांना कळलं, की आता रवीला सांगावं लागणार.

जेवणं चालली होती. त्यांनी फोन ताटाशेजारी ठेवला. "तुले गुरुवारी बुटीबोरीले बलावलं हाय. मुलाखतीले."

रवीने घास खाली ठेवला. "मले? कोणं?"

बाबारावांनी सांगितलं. सगळं, पहिल्या पत्रापासून. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला, कारण रवीचा चेहरा ते पाहत होते.

"तुमी माह्या नावानं लिहिलं?" रवी म्हणाला. "दोन महिने?"

"तू झोपला राहे. पत्र पडून होतं—"

"मले विचारलं का? एकडाव तरी?"

"पोराचं भलंच पाह्यलं ना त्याईनं," नलूबाई मध्ये पडल्या. "कोणी बलावत नव्हतं, आता बलावून राह्यले."

"मले नाई बलावलं, माय. ह्याईले बलावलं." तो उठला, ताटातच हात धुतला, आणि फोन उचलून घरामागे निघून गेला. तासभर तो तिथे लिंबाखाली बसून वाचत होता. बाबाराव मागच्या खिडकीतून पाहत होते. एका ठिकाणी रवीचं बोट थांबलं, तो वर सरकला, परत खाली आला, परत तेच वाचलं. कोणतं ते दुरून कळत नव्हतं.

आत येऊन तो आईला म्हणाला, "निळा सदरा कुठी हाय? इस्तरी करा लागन."

गुरुवारी पहाटेच्या गाडीने दोघं वणीला गेले, तिथून वरोऱ्यावरून नागपूरची बस. बाबारावांनी येऊ नये असं रवीने दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. खिडकीबाहेर कपाशीची शेतं पळत होती. रवी फोनवर ती पत्रं वाचत होता, परीक्षेआधी वाचावं तसं, ओठ हलवत. जाम गावाच्या पुढे त्याने विचारलं, "तुमी खरंच पिशवी डोक्यावर घेऊन जात जा?"

"हाव. दोन-तीनदा."

"मले कधी सांगतलं नाई."

"तू कधी विचारलं?" बाबाराव म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं की हे बोलायला नको होतं.

कंपनीच्या फाटकावर रवीचं नाव यादीत होतं. सिक्युरिटीवाल्याने ते वाचून त्याला आत सोडलं, तेव्हा बाबारावांच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिच्या बाकावर ते बसले. आत काय चाललं असेल ते मनात रंगवत. बाई म्हणतील, या रवी. साहेब म्हणतील, सांगा त्या कॉम्प्रेसरचं. टपरीवाल्याने विचारलं, कोणाची वाट पाहता? "पोरगा आत गेला हाय," ते म्हणाले. "इंजिनिअर हाय." दोन शब्द, पण कित्येक दिवसांनी ते मान वर करून बोलले.

तासाभराने रवी फाटकातून बाहेर आला. चालण्यावरूनच त्यांना कळलं. तरी ते उभे राहिले. रवी बाकावर बसला आणि गुडघ्यांकडे पाहत राहिला.

"काय झालं?"

"काई नाई. झालं."

"साहेबानं काय विचारलं?"

"कॉम्प्रेसर." रवी हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाला. "तेच विचारलं पहिले. म्हणे, बेअरिंग अडकून होतं तं काढलं कसं? बेअरिंग ओढून काढाचा पुलर होता का? मी म्हटलं, नव्हता. म्हणे, मंग? मी म्हटलं, गरम करून. ते म्हणे, किती गरम? शाफ्टले धक्का कसा नाई लागला? अन् मले समोरचं काई दिसेनाच."

"तू तं केलं होतं ना ते."

रवीने वर पाहिलं. "मी नाई केलं, बाबा. किसनसिंगनं केलं."

बाबारावांना आधी नाव कळलंच नाही. "कोण किसनसिंग?"

"फिटर होता आमच्या कारखान्यातला. शिकला नव्हता, पण हात असा होता का मशीन आयकत जाय त्याचं. सोळा घंटे तो आत घुसून होता. मी टॉर्च धरून उभा होतो. सकाळी साहेब आले, मशीन चालू, मी टॉर्च घेऊन. साहेबाईले वाटलं मीच केलं. मी इंजिनिअर ना. त्याईनं पाठ थोपटली. किसनसिंग बाजूलेच होता, हात पुसत. तो काई बोलला नाई. मीबी बोललो नाई."

टपरीवाल्याने न सांगता दोन चहा आणून ठेवले. कोणी हात लावला नाही.

"सहा महिन्यानं माणसं कमी केली," रवी सांगत राहिला. "साहेबानं मले विचारलं, तुह्या हाताखालचे कोण ठेवाचे? मी त्याचं नाव नाई घेतलं. तो समोर राह्यला का मले दरवेळी तेच आठवे. पहिल्याच यादीत गेला तो. आता कुठी हाय माहीत नाई."

"पण घरी येऊन तू तसंच सांगतलं होतं," बाबाराव म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"हाव. घरी सांगतलं होतं. तुमच्याजवळ खोटं बोललो होतो मी, बाबा. कंपनीजवळ नाई. तुमी ते कंपनीले लिहिसान हे मले काय माहीत?"

रस्त्यावरून ट्रक जात होते. बाबारावांच्या डोळ्यांसमोर विहारातली सोनपापडी आली. किती लोकांना त्यांनी ती गोष्ट सांगितली होती!

"मंग तू साहेबाले काय सांगतलं?"

"खरं सांगतलं. किसनसिंगचं सांगतलं. अन् एकदा सांगाले लागलो तं थांबलोच नाई. मॅडमले म्हटलं, ते पत्रंबी माही नाई. माह्या वडलाची हायेत." त्याने फाटकाकडे पाहिलं. "सुरुवातीले मॅडमनं विचारलं होतं, बाबा कसे आहेत? मी म्हटलं, बरे हायेत. त्याईले वाटलं मी अजून काई बोलन. वाट पाह्यली त्याईनं. मले काई सुचलंच नाई. तिथंच त्याईचा चेहरा पडला. तुमच्या पत्रातला रवी लय चांगला हाय बाबा. त्याले भेटाले बसल्या होत्या त्या. मी गेलो."

बाबारावांना पुष्कळ काही म्हणावंसं वाटलं. खरं बोललास ते चांगलं केलंस, असं म्हणावंसं वाटलं. पण ते खरं नव्हतं. त्या क्षणी त्यांना मनातून वाटत होतं की या पोराने तोंड मिटून ठेवायला हवं होतं, किसनसिंगचं नाव नोकरी लागल्यावर घेता आलं असतं. आणि आपल्याला असं वाटतं आहे याचीच त्यांना भीती वाटली.

परतीच्या बसमध्ये जागा पुढे-मागे मिळाल्या. वणीपर्यंत त्यांना रवीची फक्त मान दिसत होती.

तीन दिवस घरात कोणी त्यावर बोललं नाही. नलूबाईंना एवढंच सांगितलं होतं की जमलं नाही. चौथ्या दिवशी बाबारावांनी पुन्हा फोन घेतला. या वेळी रवीला विचारून. "मी त्या बाईले लिहू का? माह्या नावानं?"

"लिहा," रवी म्हणाला. "काई फरक नाई पडत."

'आदरणीय मधुवंतीताई, मी बाबाराव नगराळे, रवीचा बाप. दोन महिने आपल्याला जी पत्रे आली ती माझी. अपराध माझा आहे, मुलाला काही ठाऊक नव्हते. कॉम्प्रेसरची गोष्ट मी खरी समजून लिहिली. मुलाने आपल्यापुढे खरे सांगितले, त्याची शिक्षा त्याला होऊ नये एवढी विनंती. लहान जागा असली तरी चालेल.' शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं.

उत्तराला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत रवी रोज सकाळी उठल्याबरोबर काही न विचारता बापाच्या हातातल्या फोनकडे एकदा पाही. फरक पडत नाही म्हणणारा रवी. बाबाराव मान हलवत, नाही. नवव्या दिवशी आलं ते त्यांनी आधी एकट्याने वाचलं.

'काका, नमस्कार. तुमचं पत्र मी अनेकदा वाचलं. रवीने त्या दिवशी जे सांगितलं ते सोपं नव्हतं, हे मी सलील सरांजवळ बोलले. पण ज्या लिहिण्यावर विश्वास ठेवून मी नाव पुढे दिलं, ते त्यांचं नव्हतं, आणि ज्या कामावर दिलं तेही नव्हतं. यापुढे मी आग्रह कशाच्या जोरावर धरू? जागा भरली आहे. लहान जागा सध्या नाही. तुमच्या पत्रांची मला सवय झाली होती, म्हणून आता थांबणंच बरं. काळजी घ्या.'

त्यांनी फोन रवीला दिला. रवीने वाचलं. फोन परत दिला. बाबारावांना वाटत होतं की तो ओरडेल, फोन आपटेल, आपल्याला चार शब्द बोलेल. तसं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

"तिच्यावर राग धरू नको," ते म्हणाले.

"नाई. बरोबर हाय त्याईचं."

"दुसरे पाहू आपन. सातशे लोक हायेत म्हणे तुह्या ओळखीचे."

"त्यातल्या एकाचंबी तोंड मी पाह्यलं नाई, बाबा."

मग बाबारावांच्या मनात आलं ते त्यांनी बोलून टाकलं. "तो किसनसिंग. त्याले पाहू का याच्यावर? सापडला तं…" सापडला तर काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. माफी मागता येईल, निदान कुठे आहे ते कळेल.

रवीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "किसनसिंग याच्यावर नसते, बाबा. असे लोक याच्यावर नसतात."

दिवाळीच्या आधी गावापासून दूर एका जिनिंगमध्ये हंगामापुरतं काम निघालं. वजनकाट्यावर उभं राहून कापसाच्या गाड्यांचे नंबर लिहायचे. रवीने ते धरलं. इंजिनिअरचं काम ते नव्हतं, पण तो गेला कारण जाण्याला कोणाची ओळख लागत नव्हती. नलूबाई शेजारी सांगत, पोरगा कामाला लागला. बाबाराव तेवढ्यापुरते घरात जात.

जाण्याच्या आदल्या सकाळी रवी अंगणात बाजेवर येऊन बसला आणि म्हणाला, "फोन द्या." त्याने लिंक्डइन उघडलं, कुठे कुठे जाऊन खातं बंद करायचं पान काढलं. बाबाराव शेजारीच होते. पानावर विचारलं होतं, तुम्ही का सोडून जात आहात? खाली पाच-सहा कारणं, एकेकासमोर गोल. रवीने एका गोलावर बोट टेकवलं, पुढचं पान आलं, तिथे पासवर्ड मागितला, तो त्याने टाकला. फोटो, हिरवं कडं, दीडशे अर्ज, मधुवंतीबाईंची पत्रं, सगळं गेलं आणि कोरं पान राहिलं.

"कोणतं कारण देलं?" बाबारावांनी विचारलं.

"वाचलं नाई," रवी म्हणाला. "पहिलं होतं ते."

फोन बापाच्या हातात देऊन तो बॅग भरायला आत गेला. नलूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, डब्यात चटणी देऊ का? त्याने आतून उत्तर दिलं की नाही ते बाबारावांना ऐकू आलं नाही.